विश्लेषण : व्यवसायाच्या फोनबिलातले कोणते दर नियामकाचे, कोणते कंपनीचे?

जुलै २०२४ मध्ये देशातल्या तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी अवघ्या दोन दिवसांत आपले दर वाढवले. बहुतेक योजनांमध्ये ही वाढ १० ते २५ टक्क्यांच्या घरात होती. टीका सुरू झाल्यावर केंद्र सरकारने खुलासा केला : दूरसंचार सेवांचे दर बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरतात, नियामकाने आखून दिलेल्या चौकटीत कंपन्या ते ठरवतात आणि सरकार त्यात हस्तक्षेप करत नाही. हा खुलासा वाचून अनेकांना प्रश्न पडला, की दर कंपन्याच ठरवणार असतील तर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ‘ट्राय’ नेमके काय ठरवते? घरगुती ग्राहकापुरता हा प्रश्न शंभर-दोनशे रुपयांचा असेल. पण ज्याच्या दुकानात, दवाखान्यात किंवा कार्यालयात चार-पाच सिमकार्डे, ब्रॉडबँड, एखादी लीज्ड लाइन आणि ग्राहकांना जाणारे एसएमएस आहेत, त्याच्यासाठी तो वर्षाच्या खर्चाचा आणि चुकीचे बिल आल्यास दाद कुठे मागायची याचा प्रश्न आहे.

फोनबिल वीजबिलासारखे का नाही?

महाराष्ट्रातल्या व्यावसायिकाला नियंत्रित दर म्हणजे काय हे वीजबिलातून ठाऊक असते. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात. त्यांचे दर किंवा ते काढण्याची पद्धत महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. त्याआधी जाहीर सुनावणी होते, हरकती घेतल्या जातात. वीज शुल्क राज्य सरकारचे असते. म्हणजे वीजबिलातल्या जवळपास प्रत्येक ओळीमागे कोणता ना कोणता आदेश असतो.

फोनबिलही तसेच असेल, असा अनेकांचा समज असतो. एकेकाळी ते बऱ्याच अंशी खरे होते. फोन म्हणजे सरकारी दूरसंचार खाते आणि दर म्हणजे सरकारी दर, असा तो काळ होता. १९९७ मध्ये ट्रायची स्थापना झाली आणि १९९९ मध्ये ‘दूरसंचार दर आदेश’ निघाला. त्यात भाडे आणि कॉलच्या दरांना मर्यादा होत्या. पुढे खासगी कंपन्या वाढल्या, स्पर्धा तीव्र झाली, आणि २००२-०३ च्या सुमारास ट्रायने मोबाइलचे व शहरी लँडलाइनचे दर टप्प्याटप्प्याने मोकळे केले. नियामकाच्या भाषेत याला ‘फॉरबिअरन्स’ म्हणतात. दर ठरवण्याचा अधिकार नियामकाकडे कायम आहे, पण स्पर्धा पुरेशी आहे असे मानून तो वापरायचा नाही, असा त्याचा अर्थ. हा अधिकार सोडून दिलेला नाही, तो राखून ठेवलेला आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

नियामक आज कोणते दर ठरवतो?

यादी लहान आहे. पहिला अपवाद ग्रामीण भागातल्या लँडलाइनचा. तिथे भाडे आणि कॉलदर आजही दर आदेशाच्या कक्षेत आहेत. दुसरा अपवाद देशांतर्गत रोमिंगचा. मे २०१५ पासून रोमिंगमध्ये स्थानिक कॉलसाठी मिनिटाला कमाल ८० पैसे, एसटीडी कॉलसाठी १ रुपया १५ पैसे आणि येणाऱ्या कॉलसाठी ४५ पैसे अशी मर्यादा आहे. आज बहुतेक योजनांत देशांतर्गत रोमिंग मोफतच असल्याने ही मर्यादा बिलात फारशी दिसत नाही. परदेशातले रोमिंग मात्र तिच्या बाहेर आहे. निर्यातदाराने किंवा परदेश दौऱ्यावर गेलेल्या अधिकाऱ्याने पॅक न घेता तिकडे इंटरनेट वापरले, तर त्या बिलाला नियामकाची मर्यादा लागू होत नाही.

तिसरा अपवाद नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा, म्हणजे पोर्टिंगचा. या व्यवहाराचे शुल्क एकेकाळी १९ रुपये होते. २०१८ मध्ये ते ४ रुपयांवर आले आणि सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस ६ रुपये ४६ पैसे झाले. चौथा अपवाद देशांतर्गत लीज्ड सर्किटचा, आणि व्यवसायाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे.

याशिवाय काही दर कंपन्या-कंपन्यांमधले असतात. ते ग्राहकाच्या बिलात दिसत नाहीत, पण त्याच्या दरात मुरलेले असतात. एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर पोहोचला की पहिली कंपनी दुसरीला पैसे देई. मोबाइलसाठी हे शुल्क मिनिटाला १४ पैसे होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. हे शुल्क ग्राहकापर्यंत कसे पोहोचते याचा अनुभव २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्या वेळी जिओने इतर नेटवर्कवरच्या कॉलसाठी ग्राहकांकडून मिनिटाला ६ पैसे घ्यायला सुरुवात केली होती. व्यावसायिक एसएमएसबाबतही असेच आहे. २०१८ च्या नियमांनुसार असा संदेश पोहोचवणारी कंपनी पाठवणाऱ्या कंपनीकडून प्रत्येक संदेशामागे कमाल ५ पैसे घेऊ शकते. दुकानदाराला मात्र एसएमएसचा जो एकूण दर लावला जातो, तो त्याच्या आणि सेवा देणाऱ्याच्या करारातला असतो.

‘लीज्ड लाइन’ एकच की दोन?

अनेक व्यवसाय इथे गोंधळतात. लीज्ड लाइन या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे दोन ठिकाणांना जोडणारी, फक्त आपल्यासाठी राखलेली वाहिनी. उदाहरणार्थ, नाशिकचा कारखाना आणि मुंबईचे मुख्य कार्यालय यांच्यामधली. हे देशांतर्गत लीज्ड सर्किट. त्याचे अंतर आणि क्षमतेनुसार कमाल दर ट्रायने ठरवलेले आहेत आणि २०१४ मध्ये त्यांची फेररचना झाली. कंपनी त्याहून कमी घेऊ शकते, जास्त नाही.

दुसरी म्हणजे इंटरनेट लीज्ड लाइन. हीसुद्धा राखीव वेगाची असते, पण ती दुसऱ्या कार्यालयाला नव्हे तर इंटरनेटला जोडते. इंटरनेट सेवेचे दर मोकळे आहेत, त्यामुळे या लाइनला ती कमाल मर्यादा लागू नाही. बिलावर दोन्हींसाठी ‘लीज्ड लाइन भाडे’ असेच छापलेले असू शकते. कोणती सेवा घेतली आहे हे करारात पाहिल्याशिवाय, दर जास्त लावला आहे की तो मुळात वाटाघाटीचाच दर आहे, हे सांगता येत नाही.

बाकीचे दर कोण ठरवते?

कंपनी आणि ग्राहक यांच्यातला करार. पोस्टपेड योजनेचे मासिक भाडे, ब्रॉडबँडचे पॅकेज, कायमचा आयपी पत्ता घेण्याचे शुल्क, कार्यालयातल्या ईपीएबीएक्सला जोडलेल्या पीआरआय लाइनचे भाडे, जोडणी शुल्क, राउटरचे भाडे, विलंब शुल्क हे सगळे या गटात येते. १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री क्रमांकही त्यातच. फोन करणाऱ्याला तो मोफत असतो, कारण प्रत्येक कॉलचे पैसे क्रमांक घेणारा व्यवसाय देतो, आणि तो दरही कराराने ठरतो.

याचा सरळ परिणाम असा, की शेजारी शेजारी असलेली दोन कार्यालये एकाच कंपनीची साधारण सारखी सेवा घेऊन वेगवेगळे पैसे देत असू शकतात. एकाने तीन वर्षांचा करार केला असेल, दुसऱ्याने एक वर्षाचा. एकाने दोन कंपन्यांकडून दर मागवले असतील, दुसऱ्याने पहिलाच मान्य केला असेल. इथे ‘सरकारी दर किती?’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. ‘करारात काय लिहिले आहे आणि तो संपतो कधी?’ हा खरा प्रश्न असतो.

राखून ठेवलेला अधिकार कधी वापरला जातो?

ताजे उदाहरण सार्वजनिक वाय-फायचे आहे. केंद्राच्या ‘पीएम-वाणी’ योजनेला डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. चहाची टपरी, किराणा दुकान अशा लहान ठिकाणांनी ब्रॉडबँड घ्यावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना अल्प दरात वाय-फाय विकावे, अशी ही कल्पना. अशा दुकानाला ‘पब्लिक डेटा ऑफिस’ म्हणतात. योजना अपेक्षेइतकी पसरली नाही. त्याचे एक कारण दरांतच होते. हा व्यावसायिक वापर आहे असे सांगून कंपन्या टपरीवाल्याकडेही महागड्या इंटरनेट लीज्ड लाइनचा आग्रह धरत होत्या.

ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रस्ताव मांडला, की अशा दुकानांना घरगुती फायबर ब्रॉडबँडच्याच दराने सेवा द्यावी. घरात पाच माणसे वापरतात ती जोडणी आणि दिवसभर अनोळखी लोक वापरणार ती जोडणी सारखी नाही, असा कंपन्यांचा आक्षेप होता. अखेर जून २०२५ मध्ये दर आदेशात ७१ वी दुरुस्ती झाली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती योजना या दुकानांना द्याव्या लागतील आणि त्यांचा दर घरगुती दराच्या दुपटीहून अधिक असणार नाही, असे ठरले.

रक्कम लहान असली तरी या निर्णयातून दोन गोष्टी दिसतात. ‘घरगुती’ आणि ‘व्यावसायिक’ दरांतला फरक कुठल्या सर्वसाधारण नियमाने आलेला नाही, तो कंपन्यांनी केलेला आहे. आणि वाटाघाटीची ताकद नसलेला ग्राहक अडचणीत सापडला, तर नियामक मोकळा सोडलेला दरही पुन्हा चौकटीत आणू शकतो. मात्र हे संरक्षण फक्त पीएम-वाणीखालच्या दुकानांना आहे. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाला ते मिळत नाही.

दर मोकळे म्हणजे कंपनी मोकळी का?

नाही. दराची रक्कम मोकळी आहे, वागणूक नाही. नवी योजना आणली की कंपनीने ती सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवावी लागते. दर पारदर्शक असावा, एकाच वर्गातल्या ग्राहकांत कारणाविना भेदभाव नसावा, प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी तोट्यात विक्री नसावी, ही तत्त्वे मोकळ्या दरांनाही लागू आहेत. ग्राहकाने फोनची एखादी योजना घेतली की ती त्याला किमान सहा महिने मिळाली पाहिजे आणि त्या काळात तिच्यातला कोणताही दर वाढवता येत नाही. ग्राहकाला मात्र योजना केव्हाही बदलता येते.

कॉलर ट्यून, क्रिकेटचे अपडेट, गेम अशा मूल्यवर्धित सेवांसाठी २०१३ पासून दुहेरी संमतीचा नियम आहे. ग्राहकाने एकदा होकार दिल्यावर पुन्हा पुष्टी घेतल्याशिवाय पैसे कापता येत नाहीत. अशी सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक ठरवून दिला आहे. कर्मचाऱ्यांच्या हाती दहा-पंधरा सिमकार्डे असलेल्या कार्यालयात ही लहानशी ओळ महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

बिलाची अचूकताही नियंत्रित आहे. मीटरिंग आणि बिलिंगच्या अचूकतेबाबत ट्रायचे नियम २००६ पासून आहेत, २०२३ मध्ये ते नव्याने आले, आणि त्यानुसार कंपन्यांच्या बिलिंग यंत्रणेचे लेखापरीक्षण होते. प्रीपेड ग्राहकही वापराचा तपशील मागू शकतो. त्यासाठी कंपनीला ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. सेवेच्या दर्जाचे नवे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. लँडलाइनमधला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. एखाद्या जिल्ह्यात मोबाइल नेटवर्क २४ तासांहून अधिक बंद राहिले, तर पोस्टपेड ग्राहकाला त्या प्रमाणात भाड्यात सूट मिळते. थोडक्यात, भाडे किती हे कंपनी ठरवते, पण सेवा बंद असताना ते पूर्ण घ्यायचे का, हे एकटी कंपनी ठरवत नाही.

बिलात सरकारचा वाटा किती?

उघड दिसणारा वाटा जीएसटीचा. दूरसंचार सेवेवर जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी सेवाकर आणि दोन उपकर मिळून १५ टक्के होत. विलंब शुल्कावरही जीएसटी लागतो, कारण कायद्यानुसार ते सेवेच्या मूल्याचाच भाग मानले जाते. परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर मात्र तो लागत नाही.

न दिसणारा वाटा परवाना शुल्काचा. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित एकूण महसुलाच्या ८ टक्के रक्कम सरकारला देतात. त्यातले ५ टक्के ग्रामीण व दुर्गम भागातल्या सेवेसाठीच्या निधीकडे जातात. या निधीचे नाव आता ‘डिजिटल भारत निधी’ आहे. हा भार कंपनीवर आहे. भारतात तो बिलात वेगळा दाखवला जात नाही, तो दरातच मुरलेला असतो.

अमेरिकेतली पद्धत याउलट आहे. तिथेही सर्वांपर्यंत सेवा पोहोचवण्यासाठी असाच निधी आहे आणि कंपन्या त्यातली आपली वर्गणी ग्राहकाच्या बिलावर स्वतंत्र ओळ म्हणून वसूल करतात. ग्राहकाला ती सरकारी कर वाटते, पण देणे मुळात कंपनीचे असते. तिथल्या लँडलाइनच्या बिलावर संघराज्य पातळीवरचे ‘लाइन शुल्क’ही दिसते. अनेक लाइन असलेल्या व्यवसायांसाठी त्याची कमाल मर्यादा महिन्याला प्रत्येक लाइनमागे ९ डॉलर २० सेंट इतकी ठरवलेली होती. घरगुती मुख्य लाइनसाठी हीच मर्यादा साडेसहा डॉलर. ते शुल्क नियंत्रित खरे, पण पैसे सरकारला नव्हे, फोन कंपनीलाच मिळतात. या उदाहरणातून एक सर्वसाधारण गोष्ट कळते. ‘नियंत्रित दर’ आणि ‘सरकारी कर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका बिलाचा हिशेब

समजा, एका लहान कार्यालयाचे बिल असे आहे. आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. पाच पोस्टपेड सिमचे प्रत्येकी ४०० रुपयांप्रमाणे २,००० रुपये. ब्रॉडबँडचे १,००० रुपये. कायमच्या आयपी पत्त्याचे २५० रुपये. एका सिमवरच्या मूल्यवर्धित सेवेचे ५० रुपये. बेरीज ३,३०० रुपये. त्यावर केंद्राचा ९ टक्के म्हणजे २९७ आणि राज्याचा ९ टक्के म्हणजे २९७, असा एकूण ५९४ रुपये जीएसटी. देय रक्कम ३,८९४ रुपये.

या बिलात ज्याचा दर नियामकाने ठरवला आहे अशी एकही ओळ नाही. ५९४ रुपये कराचे आहेत, ते टाळता येत नाहीत, पण परत मिळू शकतात. ५० रुपयांची ओळ संमतीच्या नियमाखाली येते. कुणी होकारच दिला नसेल तर ती तक्रारीचा विषय आहे. उरलेले ३,२५० रुपये कराराचे आहेत. ते कमी करायचे असतील तर तक्रार करून उपयोग नाही, वाटाघाट करावी लागेल किंवा कंपनी बदलावी लागेल. एका बिलात तीन प्रकारच्या रकमा आहेत आणि तिघींसाठी तीन वेगळे दरवाजे आहेत. चुकीच्या दरवाजावर थाप दिली की वेळ जातो आणि पैसे तिथेच राहतात.

जीएसटीची वजावट कुठे अडते?

नोंदणीकृत व्यवसायाला वरच्या उदाहरणातले महिन्याचे ५९४ रुपये, म्हणजे वर्षाचे ७,१२८ रुपये, इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून आपल्या देय करातून वळते करता येतात. ते अडण्याची कारणे बहुधा साधी असतात.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जोडणी मालकाच्या वैयक्तिक नावावर असणे. बिलावर व्यवसायाचा जीएसटी क्रमांक नसेल तर कंपनी ते बिल सामान्य ग्राहकाचे म्हणून नोंदवते. मग ते व्यवसायाच्या ‘जीएसटीआर-२बी’ या विवरणात उमटत नाही आणि वजावट मिळत नाही. कंपनीकडे क्रमांक नोंदवणे हे एकदाच करायचे काम आहे. राहून गेलेली वजावट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येते. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर तीच शेवटची मुदत ठरते.

दुसरे कारण राज्याचे. लँडलाइन, ब्रॉडबँड किंवा लीज्ड सर्किट जिथे बसवले आहे, ते राज्य कायद्याने पुरवठ्याचे ठिकाण मानले जाते. पुण्यातल्या फर्मने पणजीत छोटे कार्यालय थाटून तिथे लाइन घेतली, तर त्या बिलावर गोव्याचा कर लागतो. फर्मची गोव्यात नोंदणी नसेल तर पुण्याच्या नोंदणीवर ती वजावट मिळत नाही. पोस्टपेड मोबाइलसाठी मात्र बिलाचा पत्ता पाहिला जातो.

तिसरे कारण व्यवसायाच्या स्वरूपाचे. कंपोझिशन योजनेतला दुकानदार वजावट घेऊ शकत नाही. दवाखान्याची वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने डॉक्टरलाही फोनबिलावरचा जीएसटी परत मिळत नाही. त्यांच्यासाठी १८ टक्के हा खराखुरा खर्च असतो, त्यामुळे दोन कंपन्यांच्या दरांची तुलना त्यांनी करासह करायला हवी.

चुकीच्या बिलाची दाद कुठे?

पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. १९८ हा क्रमांक त्यासाठी मोफत आहे. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मिळतो आणि तो जपून ठेवणे गरजेचे असते. उत्तर समाधानकारक नसेल किंवा मुदतीत मिळाले नाही, तर दुसरी पायरी त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याची. २०१२ च्या नियमांनुसार अपिलासाठी ३० दिवसांची मुदत आहे आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. तिथे पाठवलेली तक्रार कंपनीकडेच परत जाते.

तिसऱ्या पायरीवर व्यावसायिक आणि घरगुती ग्राहक यांच्या वाटा वेगळ्या होतात. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी वोडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यावसायिक हेतूने’ सेवा घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. अपवाद फक्त स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याचा. त्यामुळे एकटाच दुकान चालवणारा शिंपी किंवा मोबाइल दुरुस्ती करणारा आयोगाकडे जाऊ शकतो. पन्नास कर्मचाऱ्यांच्या कंपनीला तिथल्या दारातच ‘तुम्ही ग्राहक आहात का?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. दूरसंचार विवाद निवारण न्यायाधिकरण, म्हणजे ‘टीडीसॅट’, ग्राहकांच्या गटाचा सेवा कंपनीशी असलेला वाद ऐकते. पण दिल्लीतल्या या न्यायाधिकरणापर्यंत पाच-दहा हजारांच्या वादासाठी जाणे परवडत नाही.

म्हणजे ज्याचे बिल मोठे, त्याच्याच बहुतेक ओळी कराराच्या, आणि स्वस्तात दाद मागण्याचा रस्ताही त्याच्यासाठीच अरुंद. मोठ्या उद्योगाकडे कायदा विभाग असतो, करार तो घासून-पुसून घेतो. घरगुती ग्राहकाकडे आयोग असतो. दहा-वीस माणसांचा व्यवसाय या दोहोंच्या मध्ये अडकतो. म्हणून त्याच्यासाठी सही करण्याआधीचा अर्धा तास हा नंतरच्या सहा महिन्यांच्या पत्रव्यवहारापेक्षा मोलाचा असतो.

व्यावसायिकाने काय पाहावे?

करारात चार गोष्टी लेखी असाव्यात : दर किती काळ स्थिर राहील, मुदतीआधी बाहेर पडल्यास किती भरावे लागेल, सेवा बंद राहिल्यास किती सूट मिळेल आणि मुदत संपल्यावर करार आपोआप वाढेल का. मोकळ्या दरांच्या बाबतीत हीच ग्राहकाची नियमावली असते.

बिलावर जीएसटी क्रमांक आणि पत्ता बरोबर आहे का, कुणी न मागितलेली सेवा आहे का, नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे सिम अजून सुरू आहे का, हे दर तीन महिन्यांनी तपासले तरी पुरे. कंपनी बदलायची असेल तर थकबाकी शून्य हवी आणि जोडणी किमान ९० दिवसांची हवी. कंपनीच्या नावावरची १०० पर्यंत सिम एकाच अधिकारपत्राने पोर्ट करता येतात. त्यासाठी पाच कामकाजाचे दिवस लागतात. दर मोकळे ठेवण्यामागे नियामकाचे गृहीतक असे आहे, की ग्राहक महाग सेवा सोडून दुसरीकडे जाईल. तो जातच नसेल, तर त्याच्या बिलावर स्पर्धेचा परिणाम होण्याचे काही कारण उरत नाही.